ठिपका खरा, पण रस्ता कोणता? गाडीची जीपीएस नोंद नकाशावर कशी बसवली जाते

गेल्या वर्षी कापसाच्या हंगामात माझा चुलतभाऊ एका संध्याकाळी घरी आला आणि त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. त्याची पिकअप गाडी गावातला कापूस हिंगणघाटच्या जिनिंगांवर नेते. भाडे देणाऱ्यांनी गाडीत जीपीएसचे यंत्र बसवून घेतले आहे आणि फेरीचे किलोमीटर त्या यंत्राच्या नोंदीवरूनच धरले जातात. पडद्यावर त्या दिवसाच्या फेरीची निळी रेघ होती. "दादा, हे पाय बरं, माही गाडी कालव्यावरून चालून रायली," तो म्हणाला. रेघ खरोखरच शेताकडची पांदण सोडून शंभरेक मीटर पलीकडच्या कालव्याच्या भरावावर चढली होती, मध्येच तुटली होती आणि पुढे एकदम राष्ट्रीय महामार्ग ४४ वर उगवली होती. गाडीच्या मीटरवर बारा किलोमीटर पडले होते, नोंदीत नऊ होते.

यंत्र बिघडले असे त्याला वाटले. पण यंत्राने आपले काम नीट केले होते. चूक होती ती यंत्राने पाठवलेल्या ठिपक्यांवरून रस्ता ओळखणाऱ्या गणितात आणि त्या गणिताच्या हाती दिलेल्या नकाशात. उपग्रहांवरून कळलेली वाहनाची ठिकाणे रस्त्यांच्या नकाशावर बसवून, वाहन नेमके कोणत्या रस्त्याने गेले हे ठरवण्याच्या या कामाला 'नकाशा-जुळवणी' म्हणतात. हा शब्द बहुतेकांनी ऐकलेला नसतो, पण मोबाइलवर रस्ता पाहणाऱ्या प्रत्येकाने तिचा निकाल रोज पाहिलेला असतो. गाडी दाखवणारा निळा बाण कधीही बाजूच्या वावरातून चालत नाही, तो कायम रस्त्याच्या मधोमध दिसतो, तो याच जुळवणीमुळे.

हा विषय आता एका पिकअपपुरता राहिलेला नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक सेवा वाहनांना ठिकाण कळवणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण बंधनकारक झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्काच्या नियमांत बदल करून, उपग्रहाच्या आधाराने गाडी जितकी चालली तितकाच टोल घेण्याची तरतूद केली आणि असे यंत्र बसवलेल्या वाहनांना दररोज प्रत्येक दिशेने २० किलोमीटरपर्यंत शुल्क नसेल असे म्हटले. राष्ट्रीय परवान्याच्या वाहनांना ही सवलत नाही. पुढे एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने खुलासा केला की १ मे २०२५ पासून देशभर उपग्रहाधारित टोल सुरू करण्याचा निर्णय झालेला नाही. तरतूद मात्र नियमांत आली आहे. ठिपक्यांवरून पैसे ठरणार असतील, तर ठिपक्याचा रस्ता कसा ठरतो हे ज्याच्या खिशातून पैसे जाणार त्याला कळले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

यंत्र रस्ता सांगत नाही, फक्त जागा सांगते

जीपीएस ही अमेरिकेची उपग्रहव्यवस्था आहे. तिचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत एकच गोष्ट सांगत असतात: 'मी अमुक ठिकाणी आहे आणि आता माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत.' हा निरोप प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने येतो. तो निघाल्यापासून पोहोचेपर्यंत किती वेळ लागला हे मोजले की उपग्रह किती दूर आहे ते कळते. तीन उपग्रहांची अंतरे मिळाली की जागा निघते, पण आपल्या यंत्रातले घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतके चोख नसते, म्हणून ती चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. घड्याळाची चूक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी झाली तरी अंतरात तीनशे मीटरचा फरक पडतो. रशिया, युरोप आणि चीनच्याही अशाच व्यवस्था आहेत, आणि आपल्या इस्रोची 'नाविक' ही भारतीय उपखंडापुरती व्यवस्था आहे, जिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सुटला.

या सगळ्या हिशेबातून हाती येतात ते फक्त अक्षांश, रेखांश आणि वेळ. 'गाडी वडनेर रस्त्यावर आहे' असे कोणताही उपग्रह सांगत नाही. त्याला वडनेर ठाऊक नाही आणि रस्ताही ठाऊक नाही.

शिवाय ती जागाही अंदाजे असते. अमेरिकी सरकारच्याच माहितीनुसार मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनची चूक साधारणपणे ४.९ मीटरच्या आत राहते. मोकळे आकाश आमच्याकडे भरपूर आहे, त्यामुळे सपाट काळ्या रानात यंत्र चांगले चालते. मेळघाटातल्या सागाच्या दाट पानांखाली, विशेषतः पावसात पाने ओली असताना, निरोप क्षीण होतात. शहरात उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून ते वाकड्या वाटेने येतात, म्हणजेच थोडे उशिरा येतात, आणि यंत्राला वाटते की उपग्रह आहे त्याहून लांब आहे. बुरुजासमोर हाक मारली की प्रतिध्वनी मागून येतो, तसेच हे आहे. फक्त इथे मूळ हाक ऐकूच न आल्यामुळे यंत्र प्रतिध्वनीलाच हाक समजून बसते.

मग जवळचा रस्ता निवडला की झाले नाही का?

पहिल्यांदा सुचणारा उपाय हाच असतो, आणि सुरुवातीच्या काळात तोच वापरला जात असे. ठिपका घ्यायचा, त्याच्यापासून सर्वांत जवळची रस्त्याची रेघ शोधायची आणि ठिपका तिच्यावर ठेवायचा. दोन गावांमध्ये एकच रस्ता असेल तर हे उत्तम चालते. अडचण येते ती जिथे दोन रस्ते एकमेकांना खेटून आहेत तिथे, आणि नेमक्या तिथेच निर्णय महत्त्वाचा असतो.

महामार्ग आणि त्याच्या बाजूचा सर्व्हिस रोड यांत पंधरा-वीस मीटरचे अंतर असते. एकावर टोल आहे, दुसऱ्यावर नाही. ठिपक्याची चूक पाच-सात मीटरची असेल तर जवळचा रस्ता निवडणारी पद्धत गाडीला दर काही सेकंदांनी महामार्गावर चढवते आणि उतरवते. मध्ये लोखंडी कठडा आहे हे तिला माहीतच नसते. समृद्धी महामार्ग आमच्या वर्धा जिल्ह्यातून जातो. नागपूरपासून मुंबईच्या बाजूपर्यंत ७०१ किलोमीटरचा हा रस्ता अनेक गावांच्या वाटांवरून जातो आणि गावच्या वाटा त्याच्या खालून बोगद्यातून निघतात. बैलगाडीसारख्या संथ चालीने त्या बोगद्यातून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा एखादा ठिपका वरच्या द्रुतगती मार्गावर पडणे अगदी सहज शक्य आहे. उंची पाहून वरचा-खालचा फरक करावा असे वाटेल, पण उपग्रहांवरून काढलेली उंची ही आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते, कारण सगळे उपग्रह आपल्या डोक्यावरच्या अर्ध्या आकाशातच असतात, पायाखालून कोणी निरोप देत नाही. नागपूरच्या वर्धा रोडवर तर खाली रस्ता, त्यावर तीन किलोमीटरहून लांब उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो आहे. वरून पाहणाऱ्या नकाशात या तिन्हींची रेघ एकच दिसते.

बंद काचांच्या एसटीतला प्रवासी

यावर जो उपाय निघाला तो समजायला आपला रोजचा अनुभव पुरेसा आहे. पावसाळ्यातली रात्र आहे, एसटीच्या काचांवर वाफ धरली आहे, बाहेर काही दिसत नाही आणि प्रवाशाचा नुकताच डोळा लागून उघडला आहे. आपण कुठे आलो हे तो कसे ओळखतो? गाडीला एक गचका बसला. असा गचका तीन गावांच्या वेशीवर बसतो, म्हणून एकट्या गचक्यावरून काही ठरत नाही. पण मघाशी, डोळा लागण्याआधी, वाहकाने एका थांब्याचे नाव पुकारले होते हे त्याला आठवते. तेथून दहा मिनिटांत पोहोचता येईल असे त्या तीनपैकी एकच गाव आहे. थोड्या वेळाने गाडी पुलावर चढल्याचा आवाज बदलतो, आणि त्या गावानंतर पूल येतोच. आता त्याची खात्री झाली. एवढेच नव्हे, तर पूल आलाच नाही, तर तो मागे जाऊन आपला पहिला अंदाजही बदलतो: 'म्हणजे मघाचा गचका त्या गावाचा नव्हता.'

प्रवाशाने दोन गोष्टी एकत्र तोलल्या. जे जाणवले ते कोणत्या जागेशी जुळते, ही पहिली. आधीच्या जागेवरून या जागी इतक्या वेळात येणे शक्य आहे का, ही दुसरी. गणितात या विचारपद्धतीला 'हिडन मार्कोव्ह मॉडेल' म्हणतात. खरी स्थिती लपलेली असते, तिच्या खुणा तेवढ्या दिसतात आणि प्रत्येक स्थिती तिच्या आधीच्या स्थितीवर अवलंबून असते. गाडीच्या बाबतीत लपलेली गोष्ट म्हणजे रस्ता आणि खूण म्हणजे ठिपका. नाव जड आहे, ते यापुढे वापरत नाही.

२००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या पॉल न्यूसन आणि जॉन क्रम यांनी नकाशा-जुळवणीसाठी ही पद्धत अतिशय नीटसपणे मांडली आणि अमेरिकेतल्या सिॲटल परिसरात फिरवलेल्या गाडीच्या नोंदींवर तपासली. आज मोफत मिळणारी बहुतेक जुळवणीची साधने याच मांडणीच्या वेगवेगळ्या रूपांवर उभी आहेत.

आकड्यांत मांडून पाहू

आमच्या गावाच्या तोंडाशी सर्व्हिस रोड आणि महामार्ग यांच्या रेघांत पंधरा मीटर अंतर आहे असे धरू. पिकअपचा एक ठिपका या दोहोंच्या मध्ये पडला, महामार्गापासून सहा मीटर आणि सर्व्हिस रोडपासून नऊ मीटर. यंत्राची नेहमीची चूक पाच मीटरच्या आसपासची धरली, तर लहान चुका वारंवार आणि मोठ्या चुका क्वचित होतात या नियमाने महामार्गाचा संभव सर्व्हिस रोडच्या सुमारे अडीचपट निघतो. एकटा ठिपका पाहिला तर गाडी महामार्गावर आहे असेच म्हणावे लागेल.

आता दहा सेकंद मागचा ठिपका घ्या. तो गावातून बाहेर पडणाऱ्या रस्त्याच्या टोकावर, निर्विवादपणे सर्व्हिस रोडवर होता आणि या ठिपक्यापासून ८५ मीटर मागे होता. सर्व्हिस रोडने हे अंतर दहा सेकंदांत काटायला ताशी तीस किलोमीटरचा वेग पुरतो. महामार्गावर चढायचे तर मात्र दोन किलोमीटर पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन, वळून, परत यायला हवे, म्हणजे किमान चार किलोमीटर. दहा सेकंदांत चार किलोमीटर म्हणजे ताशी १,४४० किलोमीटर. कापसाने भरलेल्या पिकअपचा हा वेग असू शकत नाही. पहिल्या कसोटीवर अडीचपट पुढे असलेला महामार्ग दुसऱ्या कसोटीवर पार बाद होतो.

न्यूसन आणि क्रम यांच्या पद्धतीतली ही दुसरी कसोटी मला फार आवडते. दोन ठिपक्यांमधले सरळ अंतर आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्याचे अंतर यांत फरक जितका कमी, तितका तो मार्ग खरा असण्याचा संभव जास्त. माणूस सहसा उगाच वळसा घालत नाही, एवढीच साधी समजूत त्यामागे आहे.

राहिला प्रश्न हिशेबाच्या ओझ्याचा. प्रत्येक ठिपक्याजवळ पाच संभाव्य रस्ते असतील आणि फेरीत साठ ठिपके असतील, तर एकूण मार्गांची संख्या पाचचा साठावा घात, म्हणजे ४२ आकडी होते. ते सगळे तपासणे कोणत्याही संगणकाला जमणार नाही. इथे कामी येते अँड्र्यू विटर्बी यांनी १९६७ मध्ये, संदेशवहनाच्या वेगळ्याच प्रश्नासाठी, मांडलेली युक्ती. नागपूरला जायचे आहे आणि वाटेतल्या जाम गावापर्यंत पोहोचायचे तीन मार्ग आहेत असे धरा. त्यांतला सर्वांत चांगला एकदा ठरला की पुढच्या हिशेबात उरलेले दोन कशाला वागवायचे? त्याचप्रमाणे प्रत्येक ठिपक्यापाशी प्रत्येक संभाव्य रस्त्यापर्यंत येणारा फक्त सर्वोत्तम मार्ग जपायचा, बाकीचे सोडून द्यायचे. मग दर पावलाला पाच गुणिले पाच, म्हणजे पंचवीस तुलना पुरतात आणि साठ ठिपक्यांच्या फेरीला दीड हजारांहून कमी. हे काम साधा मोबाइलही क्षणात करतो.

अधिक अचूक यंत्र लावले तर हा खटाटोप टळेल का?

शेतमोजणीला भूमी अभिलेखचे कर्मचारी रोव्हर घेऊन येतात ते आता गावोगावी पाहिलेले आहे. ते यंत्र कायमस्वरूपी बसवलेल्या संदर्भ केंद्रांकडून दुरुस्ती घेऊन काही सेंटिमीटरपर्यंत जागा सांगते. मग तेच गाडीत का नको, असा प्रश्न शेतकरी हमखास विचारतात आणि तो रास्त आहे. खर्च हे एक कारण आहे. मोठे कारण वेगळे आहे: ठिपका सेंटिमीटरपर्यंत बरोबर आला तरी ज्या रेघेशी तो जुळवायचा ती रेघ सेंटिमीटरपर्यंत बरोबर नसते. नकाशात चौपदरी रस्तासुद्धा बहुधा एका किंवा दोन बारीक रेघांनी दाखवलेला असतो, आणि ती रेघ उपग्रहचित्रावरून कोणीतरी हाताने किंवा संगणकाने ओढलेली असते. धुऱ्याच्या दगडाची जागा वादात असताना टेप कितीही चांगली आणली तरी वाद मिटत नाही.

दुसरी शंका अशी येते की एक ठिपका चुकला तरी शंभर ठिपक्यांची सरासरी बरोबर येईल. दुर्दैवाने तसेही होत नाही. ठिपक्यांच्या चुका एकमेकींशी बांधलेल्या असतात. आकाशातल्या उपग्रहांची मांडणी आणि वातावरणातला विलंब सेकंदासेकंदाला बदलत नाही, म्हणून सलग काही मिनिटांचे सगळे ठिपके एकाच बाजूला चार-पाच मीटर सरकलेले असू शकतात. एका वजनकाट्यात दोन किलोची खोट असेल तर त्याच काट्यावर शंभर वेळा तोलून खोट निघत नाही. म्हणूनच समांतर रस्त्यांच्या बाबतीत सारा भार दुसऱ्या कसोटीवर येतो: गाडी या रस्त्यावर आली कोठून आणि पुढे उतरली कोठे. समृद्धीसारख्या रस्त्यावर ठरलेल्या ठिकाणांखेरीज चढता-उतरता येत नाही, त्यामुळे तिथे हा निर्णय पक्का होतो. ज्या महामार्गाला दर किलोमीटरवर फाटा आहे, आणि ज्याचे दुभाजक गावकऱ्यांनी सोयीसाठी फोडलेले आहेत, तिथे तो तितकाच डळमळीत असतो.

ठिपके किती दूर असलेले चालतात?

यंत्र दर सेकंदाला जागा ओळखू शकते, पण प्रत्येक नोंद पाठवायला डेटा लागतो, म्हणून बरीच यंत्रे दहा, तीस किंवा साठ सेकंदांनी एक नोंद पाठवतात. तीस सेकंदांत पांदणीने ताशी पंधराच्या चालीने जाणारी गाडी सव्वाशे मीटर सरकते, तर समृद्धीवर ताशी १२० ने जाणारी कार पूर्ण एक किलोमीटर. न्यूसन आणि क्रम यांनी मुद्दाम ठिपके गाळून पाहिले, तेव्हा साधारण तीस सेकंदांच्या अंतरापर्यंत जुळवणी चांगली राहिली आणि त्यापुढे ढासळू लागली. गावखेड्यात रस्ते विरळ असल्याने मोठी अंतरे एक वेळ चालून जातात. शहरात तीस सेकंदांत चार गल्ल्या मागे पडतात. मोबाइलचे नेटवर्क नसले तर चांगले यंत्र नोंदी साठवून ठेवते आणि नंतर पाठवते, पण त्या वेळेच्या क्रमाने लावून घ्याव्या लागतात, नाहीतर गाडी पुढे-मागे उड्या मारताना दिसते.

उभी गाडी किलोमीटर कशी चालते?

हंगामात जिनिंगच्या बाहेर गाड्यांची रांग लागते, सहा-सहा तास नंबर येत नाही. गाडी जागची हलत नाही, ठिपका मात्र हलत राहतो, खुंट्याला बांधलेले वासरू त्याच्याभोवती फिरावे तसा. दर दहा सेकंदांना ठिपका दोन मीटर जरी सरकला तरी सहा तासांत २,१६० नोंदींची बेरीज चार किलोमीटरच्या वर जाते. ठिपक्यांमधली अंतरे सरळ बेरीज करणारी नोंद म्हणूनच कधीच प्रमाण मानू नये, ती मालकाच्या बाजूने चुको किंवा चालकाच्या. चांगल्या जुळवणीत आधी थांबलेली गाडी ओळखली जाते, तो गुंता एका बिंदूत गोळा केला जातो आणि मगच अंतर मोजले जाते. मंद चालीत गाडीच्या तोंडाची दिशाही भरवशाची नसते, तेव्हा एकेरी वाहतुकीच्या रस्त्यावर 'उलट दिशेने आला' असा ठपका अशा ठिपक्यांवरून ठेवणे अन्यायाचे आहे.

आणि नकाशात रस्ताच नसेल तर?

विदर्भातल्या खेड्यांसाठी खरा प्रश्न हा आहे, आणि शहरातल्या रस्त्यांवर घडवलेल्या पद्धतींत तो सर्वांत कमी विचारात घेतलेला असतो. जुळवणीचे गणित मुळात असे गृहीत धरते की गाडी नकाशातल्या कोणत्या तरी रस्त्यावर आहेच. रस्ता नकाशात नसला की ते दोनपैकी एक करते: आसपासचा दुसरा रस्ता गाडीच्या गळ्यात बांधते, किंवा ते ठिपके खराब समजून टाकून देते. माझ्या भावाच्या फेरीत दोन्ही झाले. पांदणीच्या सुरुवातीला कालव्याचा रस्ता जवळ होता म्हणून गाडी त्यावर चढवली, पुढे कालवा लांब वळला तेव्हा ठिपके फेकून दिले. जाऊन-येऊन तीन किलोमीटर असे गेले.

गाडी नकाशातल्या कोणत्याच रस्त्यावर नाही, असे म्हणण्याची मुभा गणिताला द्यायला हवी. ती देता येते, काही साधनांत ती असतेही. पण चालवणाऱ्याने ती मुद्दाम चालू ठेवावी लागते आणि तुटलेल्या जागी काय झाले हे माणसाने पाहावे लागते. ते क्वचितच होते, कारण तुटलेली रेघ अहवालात वाईट दिसते.

खरे तर आपल्या पांदणी नकाशात नाहीत असे नाही. गावनकाशात पायमार्ग एकेरी तुटक रेषेने आणि गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने दाखवलेले आहेत. ते शंकूसाखळीने जमीन मोजण्याच्या काळापासून तलाठ्याच्या दप्तरात आहेत. मोबाइलच्या नकाशात ते उतरलेले नाहीत, एवढेच. मला याचे अधिक वाईट वाटण्याचे एक कारण आहे. भारत देश त्रिकोणांनी मोजण्याचे महाप्रचंड काम १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू करणारे विल्यम लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर असताना आमच्या हिंगणघाटलाच वारले आणि त्यांची कबर इथेच आहे. ज्या मातीत त्या मोजणीचा पहिला कारभारी पुरला आहे, तिथल्या शेताच्या वाटा दोनशे वर्षांनंतरही गाडी मोजणाऱ्या यंत्राला दिसू नयेत, हे मनाला लागते.

पांदणीचा आणखी एक गुण नकाशे विसरतात. ती बारमाही रस्ता नसते. आषाढात काळी माती चाकाला धरते आणि बैलजोडीखेरीज तिथून काही निघत नाही. दिवाळीनंतर माती वाळते तेव्हा पिकअप, ट्रॅक्टर, मळणीयंत्र सगळे तिथूनच जातात. नकाशात नुसती रेघ ओढली आणि हंगाम नोंदवला नाही, तर ऑगस्टमध्ये तोच नकाशा एखाद्या रुग्णवाहिकेला चिखलात नेऊन सोडील. म्हणून वाट नोंदवताना ती कच्ची आहे, किती रुंद आहे आणि पावसाळ्यात बंद असते, हेही नोंदवावे लागते.

मग पैसे कशाच्या आधारावर कापावेत?

जर्मनीत १ जानेवारी २००५ पासून जड ट्रकांचा टोल उपग्रहांच्या आधाराने घेतला जातो, तेव्हा हे होऊ शकत नाही असे म्हणणे बरोबर नाही. पण तिथेही जिथे महामार्ग आणि दुसरा रस्ता जवळून समांतर जातात, अशा संशयाच्या जागी रस्त्याकडेला आधाराची यंत्रे उभी केलेली आहेत, जी जाणाऱ्या ट्रकच्या यंत्राला थेट संकेत देऊन जागा पक्की करतात. ठिपक्यांवर एकट्यावर विसंबायचे नाही हे त्यांनी आधीच मान्य केले. आपल्याकडे महामार्गाला चिकटून राहणारी, सर्व्हिस रोडने शेतावर जाणारी वस्ती कितीतरी दाट आहे, तेव्हा ही काळजी आपल्याला जास्त हवी.

जुळवणी प्रत्येक निर्णयाबरोबर त्याचा संभवही काढत असते. महामार्ग ९९ टक्के आणि सर्व्हिस रोड १ टक्का, हा एक निकाल झाला; ५५ आणि ४५ हा दुसरा. पावतीवर मात्र दोन्ही सारखेच छापले जातात. हा आकडा पावतीवर यावा, ठरावीक मर्यादेखालच्या निर्णयावर पैसे कापू नयेत, आणि वाहनधारकाने मागितल्यास जुळवणीपूर्वीचे मूळ ठिपके त्याला मिळावेत, एवढ्या तीन मागण्या मला अगदी किमान वाटतात. तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण रस्त्यावर बसवलेली रेघ पाहून चूक सापडत नाही. ती आधीच नीटनेटकी केलेली असते.

मूळ ठिपके जपायचे म्हटले की खासगीपणाचा प्रश्न येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. पंधरा लाख मोबाइलधारकांच्या नोंदींवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, माणूस कधी आणि कुठे होता याचे चार बिंदू ९५ टक्के लोकांना गर्दीतून वेगळे ओळखायला पुरले होते. ज्या गावात पिकअपच दोन आहेत तिथे चार बिंदूही लागणार नाहीत. म्हणून ठिपके वाहनधारकाच्या हाती असावेत आणि इतरांकडे ठरावीक मुदतीपलीकडे राहू नयेत.

आम्ही काय केले

२००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा कोणालाही सुधारता येतो. अट एवढीच की दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून उतरवायचे नाही, स्वतः पाहिलेले किंवा परवानगी असलेल्या चित्रावरून ओढायचे. एका सकाळी दव असताना आम्ही दोघे मोबाइलमध्ये नोंद चालू करून पांदणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दीड किलोमीटर चाललो आणि तसेच परत आलो, म्हणजे एका बाजूला सरकलेली चूक लक्षात यावी. नाल्यावरची सिमेंटची नळी, जिथे पिकअपचे चाक जेमतेम मावते ती अरुंद जागा आणि बाभळीची रांग टिपून घेतली. रात्री ती वाट कच्चा रस्ता, पावसाळ्यात बंद, अशी नकाशात ओढली. भाडे देणाऱ्यांची यंत्रणा दुसराच नकाशा वापरते, त्यामुळे त्यांच्याकडची रेघ याने लगेच सुधारणार नव्हती. मग त्यांच्याकडून त्या दिवसाच्या फेरीचे मूळ ठिपके लेखी मागितले. दोन आठवड्यांनी ते तक्त्याच्या रूपात आले: वेळ, अक्षांश, रेखांश, वेग.

आम्ही ते ठिपके आमच्या रेघेवर टाकून पाहिले. कालव्यावर एकही नव्हता. सगळे पांदणीच्या अंगाने ओळीने उतरलेले होते, बहुतेक तीन-चार मीटरच्या आत, आणि बाभळीच्या रांगेखाली तेवढे दहा-बारा मीटर उत्तरेला सरकलेले. ती छापील पाने आणि मीटरचा फोटो घेऊन भाऊ सोमवारी त्यांच्या कार्यालयात गेला.